मोठ्या कार्प माशांसाठी आमिषाची निवड व वापर : कडेगाव परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
येरळा ही कृष्णेची उपनदी. तिच्या खोऱ्यातील कडेगाव तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. ताकारी व टेंभू उपसा सिंचन योजनांद्वारे कृष्णेचे पाणी या भागास मिळू लागले आहे. अशा प्रदेशात तलावातील पाणी हे शेतीबरोबरच मत्स्यपालनाचेही साधन ठरते. तलावाकाठी गळ टाकून बसणाऱ्यास मोठा मासा लाभणे हा नशिबाचा भाग समजला जातो. वस्तुतः आमिषाचे यश माशाची शरीररचना व आहारसवय यांवर अवलंबून असते. हा संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
हा विचार नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' हे प्रकरण आढळते. त्यात माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य, गळ व दोरी यांची माहिती दिलेली आहे. माशाच्या प्रकारानुसार खाद्य, हे सूत्र त्यातही दिसते.

आहारसवय व आमिष :
महाराष्ट्रातील तलावांत प्रामुख्याने कटला, रोहू, मृगळ व सायप्रिनस या जाती सोडल्या जातात. कटल्याचे तोंड वर वळलेले असून तो पृष्ठभागालगतचे प्राणिप्लवक खातो. त्यामुळे त्याच्यासाठी पाण्यात हळूहळू विरघळून ढगासारखे पसरणारे, कोंडा व भाजलेल्या डाळीच्या पिठाचे हलके आमिष तरंगाच्या साहाय्याने वरच्या थरात ठेवावे लागते. रोहू मधल्या थरात वावरतो. त्यास कणीक व शेंगदाणा पेंड यांचा मऊ गोळा मानवतो. मृगळ व सायप्रिनस तळाशी चरतात. सायप्रिनसच्या तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या असतात. गढूळ पाण्यातही त्यांच्या साहाय्याने तो चव व स्पर्श ओळखतो. गांडूळ, घट्ट कणीक किंवा शिजवलेला मका हे त्याचे आमिष होय.

मऊ गोळा लहान मासे टोचून संपवितात. म्हणून मोठ्या सायप्रिनससाठी टणक आमिष उपयुक्त ठरते. त्याच्या घशातील दात कठीण दाणेही भरडू शकतात. मात्र मका व हरभरा भिजवून, शिजवूनच वापरावा, कारण कोरडा दाणा माशाच्या पोटात फुगतो. हा मासा आमिष प्रथम ओढून घेतो व संशय येताच थुंकतो. या निरीक्षणावरून इंग्लंडमध्ये १९८०च्या सुमारास केविन मॅडॉक्स व लेन मिडलटन यांनी आमिष गळावर न टोचता त्याच्या शेजारी बारीक धाग्याने लोंबते ठेवण्याची पद्धत रूढ केली. थुंकताना मोकळा गळ ओठात रुततो.

वापरातील मर्यादा :
मासे गोळा करण्यासाठी आधी थोडे खाद्य टाकण्याची रीत आहे. तथापि तिचे प्रमाण महत्त्वाचे आहे. कार्प माशास खरे जठर नसल्याने तो थोडे थोडे, वारंवार खातो. थंडीत त्याचे खाणे मंदावते. उरलेली पेंड तळाशी कुजते व पाण्यातील प्राणवायू खर्च करते. उन्हाळ्यात पाणी आटलेल्या तलावात पहाटे प्राणवायू मुळातच किमान असतो. अशा वेळी अतिरिक्त खाद्य संपूर्ण तलावास घातक ठरू शकते.

दुसरा प्रश्न हक्काचा आहे. कटला, रोहू व मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत; त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी प्रेरित प्रजननाचे तंत्र यशस्वी केल्यानंतर या जातींचे बीज केंद्रांत तयार करणे शक्य झाले. म्हणजेच तलावातील मोठा कटला हा बहुधा कोणीतरी खर्च करून सोडलेल्या बोटुकलीचा परिणाम असतो. तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असल्यास तिच्या परवानगीशिवाय गळ टाकणे हे तिच्या श्रमांवर हात मारणे होय. सायप्रिनस मात्र तलावातील पाणवनस्पतींवर चिकट अंडी घालतो. त्यामुळे त्याची मोठी मादी सोडून देणे तलावाच्या हिताचे असते.

समारोप :
सारांश, आमिष निवडताना माशाचे तोंड, थर, ऋतू व पाण्याची स्थिती या चार बाबी लक्षात घेणे आवश्यक आहे. पाणलोटाच्या या दुष्काळी पट्ट्यात पाण्याचा प्रत्येक थेंब मोलाचा आहे. म्हणून मासा कसा पकडावा याच्या जोडीने पाण्यात काय व किती टाकावे, हाही आमिषशास्त्राचाच भाग मानला पाहिजे.