कुरितिबाची शूची बॉक्सी

२८ ऑगस्ट २००५ रोजी जपानमधल्या साइतामा सुपर अरीनात ‘प्राइड’ या संस्थेच्या ९३ किलो गटातील ग्रां प्री स्पर्धेची उपांत्य आणि अंतिम फेरी एकाच रात्री झाली. चार लढवय्ये उरले होते आणि त्यांतले दोघे एकाच तालमीचे पठ्ठे होते. एक म्हणजे या गटाचा तेव्हाचा विजेता वांदर्ले सिल्वा. दुसरा त्याच्याहून पाच वर्षांनी लहान असलेला, ‘शोगुन’ या टोपणनावाने ओळखला जाणारा माउरिसिओ रुआ. सिल्वाला रिओच्या रिकार्डो अरोनाने गुणांवर हरवले. शोगुनने हॉलंडच्या अॅलिस्टर ओव्हरीमला पहिल्याच फेरीत गारद केले. त्यामुळे अंतिम लढतीला गुरुबंधूच्या पराभवाच्या परतफेडीचे रूप आले. तेवीस वर्षांच्या शोगुनने ती परतफेड तीन मिनिटांच्या आत केली. अरोना रिंगमध्ये आडवा पडला होता आणि कुरितिबाहून आलेली सगळी मंडळी विजेत्याच्या गळ्यात पडली होती.

प्राइडने या वजनगटात ग्रां प्री दोनदाच भरवली, २००३ आणि २००५ मध्ये. पहिली सिल्वाने जिंकली, दुसरी शोगुनने. गटाचा पट्टा तर नोव्हेंबर २००१ पासून फेब्रुवारी २००७ पर्यंत सिल्वाच्याच कमरेला होता. मिश्र मार्शल आर्ट्सच्या त्या वेळच्या सर्वांत श्रीमंत आणि सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या मंचावर एक अख्खा वजनगट सव्वापाच वर्षे एकाच शहरातल्या एकाच तालमीने राखला. या तालमीचे नाव शूची बॉक्सी.

कुरितिबा ही दक्षिण ब्राझीलमधल्या पराना राज्याची राजधानी. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरचे, ब्राझीलच्या मानाने थंड हवेचे शहर. पोलिश, इटालियन, जर्मन, युक्रेनी स्थलांतरितांच्या वस्त्यांनी ते वाढले, आणि जगभरच्या नगररचनाकारांना ते तिथल्या बससेवेमुळे माहीत आहे. हाणामारीच्या खेळांची राजधानी मात्र रिओ. मित्सुयो माएदा या जपानी ज्युदोपटूकडून शिकलेल्या कार्लोस ग्रेसीने आणि त्याच्या भावांनी जिऊ-जित्सूचे जे घराणे उभे केले, त्याचा दरारा रिओतून सगळ्या देशभर होता. प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर आणायचे, अंगावर बसायचे, गळा किंवा सांधा आवळून शरण आणायचे, ही त्यांची रीत. १९९१ मध्ये रिओत झालेल्या, टीव्हीवर दाखवलेल्या आव्हान-लढतींत जिऊ-जित्सूवाल्यांनी ‘लुता लिव्हरे’ या प्रतिस्पर्धी कुस्तीपंथाचा ३-० असा फडशा पाडला. दोनच वर्षांनी यूएफसी या अमेरिकन संस्थेच्या डेन्व्हरला झालेल्या पहिल्या स्पर्धेत रॉइस ग्रेसीने हीच रीत जगाला दाखवली. त्यानंतर उभ्याने लढणाऱ्यांचे दिवस भरले, असे पुष्कळांना वाटले.

कुरितिबात वेगळेच पीक वाढत होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नेलियो नाझा या तायक्वांदोपटूने तिथे मुए थाई, म्हणजे थायलंडचे मुष्टियुद्ध, शिकवायला सुरुवात केली. ठोसा, लाथ, गुडघा आणि कोपर ही त्याची हत्यारे. नाझाच्या शिष्यांपैकी रुदिमार फेद्रिगो याने शूची बॉक्सी उभी केली आणि पुढे चालवली. फेद्रिगो वस्ताद होता तसा कारभारीही होता. पोरांना लढती मिळवून देणे आणि करारमदार पाहणे हे त्याच्याचकडे. तालीम आणि व्यवहार एकाच हातात असण्याचे फायदे चढत्या काळात दिसतात. तोटे नंतर कळतात.

ब्राझीलमध्ये त्या काळी ‘व्हाले तुदो’ नावाच्या, जवळजवळ काहीही चालणाऱ्या लढती होत. हातमोजे नसत. कुरितिबाचा त्यातला पहिला तारा होझे लांदी, टोपणनाव पेले. साओ पाउलोच्या जॉर्जे पातिनो ‘माकाको’ या जिऊ-जित्सूपटूवर त्याने मिळवलेल्या विजयाची गोष्ट जुने शौकीन अजूनही सांगतात. पेलेच्या मागोमाग आला वांदर्ले सिल्वा. ऑक्टोबर १९९८ मध्ये यूएफसी साओ पाउलोला आली, तेव्हा व्हितोर बेलफोर्टने त्याला अवघ्या ४४ सेकंदांत उडवले. त्या चित्रफितीत बेलफोर्ट सरळ ठोशांचा मारा करत रिंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो आणि सिल्वा मागे मागे जात कोसळतो. हाच माणूस पुढे पाच वर्षे प्राइडमध्ये हरणार नाही, असे त्या रात्री कोणी पैजेवरही म्हटले नसते.

शूची बॉक्सीची शैली कागदावर अगदी साधी होती. पुढे चालत राहायचे. समोरच्याची मान दोन्ही हातांत कवळून गुडघे हाणायचे, तो वाकला की आणखी हाणायचे, तो पडला की लाथा सुरू. जिऊ-जित्सूही त्यांनी शिकून घेतले, त्यासाठी क्रिस्तियानो मार्सेलोसारखे प्रशिक्षक तालमीत होते. पण त्याचा उपयोग मुख्यतः खाली अडकू नये, पुन्हा उभे राहता यावे म्हणून. खरे रहस्य सरावात होते. रिंगमध्ये जे करायचे तेच तालमीत, जवळजवळ तेवढ्याच जोराने, आपल्याच माणसांशी करायचे. सिल्वा, पेले, निंजा आणि शोगुन हे रुआ बंधू, आसुएरिओ सिल्वा, अँडरसन सिल्वा असे सगळे एकमेकांना झोडपत वाढले. राफाएल कोर्देरो आधी स्वतः लढत असे, मग तो त्यांचा मुख्य प्रशिक्षक झाला. एवढ्या आगीतून रोज जाणाऱ्याला सामन्याची भीती उरत नाही. आता मागे वळून पाहताना हेही दिसते की त्यांच्या कारकिर्दीतले कितीतरी मोठे सामने कुरितिबाच्या बंद दाराआड, फुकट, खर्च झाले.

एरवी ही एक चांगली स्थानिक तालीम राहिली असती. तिला जगज्जेती केले ते प्राइडने. प्राइडमध्ये पिंजरा नव्हता, दोरखंडांची पांढरी रिंग होती. पहिली फेरी सलग दहा मिनिटांची. सावध राहून वेळ काढणाऱ्याला पंच पिवळे कार्ड दाखवत आणि त्याच्या मानधनाला कात्री लागे. २००१ च्या सुमारास संस्थेने नियम आणखी सैल केले. जमिनीवर पडलेल्याच्या डोक्यावर लाथ मारणे, टाच आपटणे, गुडघा हाणणे हे सगळे ग्राह्य ठरले. जगात दुसऱ्या कुठल्याही मोठ्या मंचावर एवढी मोकळीक नव्हती, आणि शूची बॉक्सीची पोरे लहानपणापासून हेच करत आली होती.

२५ मार्च २००१ ला सिल्वापुढे काझुशी साकुराबा उभा राहिला. साकुराबा हा जपानचा लाडका. ग्रेसी घराण्यातल्या चौघांना त्याने हरवले होते. त्यांतली रॉइसबरोबरची लढत तर दीड तास चालली होती. सिल्वाने त्याला दोन मिनिटांच्या आत संपवले. नोव्हेंबरमध्ये टोकियो डोममध्ये पुन्हा हरवून रिकामा पट्टा घेतला आणि २००३ मध्ये तिसऱ्यांदा हरवले. मनगटे फिरवत समोरच्याकडे रोखून पाहणारा, मुंडण केलेला हा ब्राझीलियन जपानी प्रेक्षकांना खलनायक वाटायला हवा होता. त्यांनी त्याला डोक्यावर घेतले.

कोल्हापूरच्या वाचकाला तालमी-तालमींतले वैर नव्याने समजावून सांगायला नको. इथे समोरची तालीम होती ब्राझीलियन टॉप टीम. ग्रेसी घराण्यातल्या कार्लसनपासून फुटलेल्या मुरिलो बुस्तामांते, मारिओ स्पेरी प्रभृतींनी ती २००० मध्ये रिओत काढली. नोगेइरा बंधू आणि अरोना तिचे मोहरे. एकीकडे किनाऱ्यावरचे जिऊ-जित्सू, दुसरीकडे थंड पठारावरचे मुए थाई, आणि हिशेब चुकते करायला अर्ध्या पृथ्वीपलीकडचे साइतामा. शूची बॉक्सीत हिशेब घरचा मानला जाई. फेब्रुवारी २००५ मध्ये अमेरिकेच्या क्विंटन जॅक्सनने निंजाला निसटत्या गुणांनी हरवले, तर एप्रिलमध्ये धाकट्या शोगुनने जॅक्सनला दोरखंडाशी गाठून गुडघ्यांनी आणि लाथांनी पुरते निकामी केले. जूनमध्ये नोगेइरा बंधूंपैकी एक आणि ऑगस्टमध्ये अरोना. एका वर्षात एकाच फायटरने केलेल्या कामगिरीत याच्या तोडीचे फार थोडे सापडेल.

याच बंधुभावाचे दुसरे रूप २६ फेब्रुवारी २००६ ला दिसले. मार्क कोलमन या अमेरिकन कुस्तीगिराने शोगुनला खाली खेचले, तोल सावरायला टेकलेला हात कोपरात निखळला आणि लढत मिनिटभरातच थांबली. कोलमन आवेशात पंचालाही झुगारत होता, तोच निंजा, वांदर्ले आणि बाकीचे दोरांवरून आत घुसले. त्या रेटारेटीत वांदर्ले खाली पडला आणि कोलमनचा पाय त्याच्यावर पडला. बघायला ओशाळवाणे वाटावे असे ते दृश्य आहे. तरी ही माणसे एकमेकांना नेमके काय मानत होती, हे त्या गोंधळातून जितके कळते तितके कुठल्या मुलाखतीतून कळत नाही.

उतरणीचे पहिले कारण कुरितिबात नव्हतेच. २००६ मध्ये ‘शूकान गेंदाई’ या जपानी साप्ताहिकाने प्राइडचे संबंध याकुझा टोळ्यांशी असल्याची लेखमाला चालवली आणि जूनमध्ये फुजी टीव्हीने करार तोडला. प्राइडचा पैसा मुख्यतः दूरचित्रवाणीतून येत होता, तो आटला. संस्था लास व्हेगासला जाऊन सामने भरवू लागली आणि तिथेच, २४ फेब्रुवारी २००७ ला, डॅन हेंडरसनने सिल्वाचा पट्टा काढून घेतला. महिनाभराने प्राइड यूएफसीच्या मालकांनी विकत घेतल्याची घोषणा झाली. ८ एप्रिलला शेवटचा कार्यक्रम झाला.

आता सगळ्यांना यूएफसीत, म्हणजे अष्टकोनी पिंजऱ्यात, जावे लागले. तिथे पडलेल्याच्या डोक्यावर लाथ मारायला बंदी, टाच आपटायला बंदी. दोरांच्या जागी जाळी, आणि तिच्यावर प्रतिस्पर्ध्याला दाबून धरण्याचे तंत्र अमेरिकन कुस्तीगिरांनी घोटून घेतलेले. ज्या क्षणी कुरितिबाचा फायटर सर्वांत घातक होत असे, नेमका तोच क्षण नियमांनी कापून टाकला होता. सप्टेंबर २००७ मध्ये शोगुन पहिलीच लढत फॉरेस्ट ग्रिफिनशी हरला. तिसऱ्या फेरीत थकून, गळा आवळला जाऊन. पाठोपाठ गुडघ्याच्या शस्त्रक्रिया. वर्षाअखेरीस वांदर्ले चक लिडेलशी हरला. पुढल्या वर्षी, ज्या जॅक्सनला त्याने जपानमध्ये दोनदा झोपवले होते, त्याने एका डाव्या ठोशात उट्टे काढले. अमेरिकेत उत्तेजकांच्या तपासणीचा काचही वेगळा होता. २०१४ मध्ये नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाचा माणूस चाचणीला आला असता वांदर्ले तिथून निघून गेला, आणि आधी तहहयात, नंतर तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली.

केवळ नियम बदलले म्हणून तालीम ढासळली, असे म्हणणे मात्र सोयीचे होईल. माणसे निघून गेली, हे त्याहून मोठे. अँडरसन सिल्वा तर प्राइड जोरात असतानाच बाहेर पडला होता. ऑक्टोबर २००६ मध्ये यूएफसीचा विजेता रिच फ्रँकलिन याला त्याने मान कवळून गुडघ्यांनी हरवले, म्हणजे घरचाच डाव परक्या झेंड्याखाली वापरला, आणि तिथून सहा-सात वर्षे त्याला कोणी हलवू शकले नाही. वांदर्लेने लास व्हेगासला बिऱ्हाड हलवून स्वतःची तालीम उघडली. रुआ बंधूंनी कुरितिबातच वेगळी चूल मांडली. शेवटी राफाएल कोर्देरोही कॅलिफोर्नियाला गेला. फायटर गेला तर दुसरा घडवता येतो. घडवणारा गेल्यावर फेद्रिगोच्या हाती नाव आणि भिंती उरल्या. जपानच्या येनवर चालणाऱ्या व्यवस्थेत पुढची फळी उभी करण्याची निकड कोणाला वाटली नव्हती, आणि डॉलर येऊ लागले तेव्हा ते ज्याचे त्याला थेट मिळत होते.

शरीरांनीही हिशेब मागितला. शोगुनने मे २०१० मध्ये माँट्रियलला ल्योतो माचिदाला बेशुद्ध करून यूएफसीचा पट्टा जिंकला खरा, पण दहा महिन्यांत जॉन जोन्सने तो नेला. तेव्हा शोगुन अजून तिशीचाही नव्हता आणि हालचालींवरून पस्तिशीचा वाटत होता. वांदर्लेने पुढे डोक्याला बसलेल्या माराच्या परिणामांबद्दल उघड बोलून आपला मेंदू संशोधनासाठी देण्याची तयारी दाखवली.

बियाणे मात्र इतरत्र रुजले. कोर्देरोच्या हंटिंग्टन बीचच्या ‘किंग्ज एमएमए’मधून २०१५ मध्ये चार महिन्यांत यूएफसीचे दोन विजेते निघाले: मार्चमध्ये राफाएल दोस आंजोस, जूनमध्ये फाब्रिसिओ वेर्दुम. दोघेही मूळचे जिऊ-जित्सूचे. फेद्रिगोने हँडबॉलच्या मैदानावरून हेरून आणलेली क्रिस्तियाने जुस्तिनो, अर्थात ‘सायबोर्ग’, ऑगस्ट २००९ मध्ये सॅन होजेला जीना कारानोला हरवून स्ट्राइकफोर्स या संस्थेची विजेती झाली आणि स्त्रियांच्या या खेळातले सर्वांत दरारा असलेले नाव ठरली. तालमीतल्या पुरुषांच्या कौतुकात तिचा उल्लेख बऱ्याचदा शेवटी येतो. इथेही तसाच आला आहे.

शूची बॉक्सी या नावाखाली पुढे पट्टा मिळवून देणारी शाखा साओ पाउलोची, दिएगो लिमा या प्रशिक्षकाची. तिथला चार्ल्स ओलिवेरा मे २०२१ मध्ये ह्यूस्टनला मायकेल चँडलरला दुसऱ्या फेरीच्या १९ व्या सेकंदाला ठोशांनी पाडून यूएफसीच्या लाइटवेट गटाचा विजेता झाला. वर्षभराने, जस्टिन गेथ्जे या आव्हानवीराशी होणाऱ्या लढतीच्या आदल्या दिवशी, काट्यावर अर्धा पौंड जास्त भरला आणि पट्टा गेला. लढत त्याने तरीही पहिल्याच फेरीत गळा आवळून जिंकली. यूएफसीच्या इतिहासात प्रतिस्पर्ध्याला शरण आणून मिळवलेले सर्वाधिक विजय याच ओलिवेराच्या नावावर आहेत.