ऐनवेळी काय सुचतं?

११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात विमान घुसलं, तेव्हा ७३व्या मजल्यावर काम करणारी एक बाई लगेच जिन्याकडे धावली नाही. ती टेबलाभोवती घुटमळत बरोबर न्यायच्या वस्तू गोळा करत राहिली. त्यात वाचायला घेतलेली एक रहस्यकथाही होती. पुढे सरकारी तपासात जवळपास ९०० बचावलेल्यांशी बोलणं झालं. खाली निघायला त्यांना सरासरी सहा मिनिटं लागली होती. कुणी कॉम्प्युटर बंद करत होतं, कुणी फोन लावत होतं.

अमेरिकन पत्रकार अमांडा रिप्ली यांनी ‘टाइम’ साप्ताहिकासाठी अशा दुर्घटनांची बातमीदारी केली. कोण चुकलं, कुठली यंत्रणा ढिली पडली, हे सगळेच शोधतात. रिप्ली यांनी मात्र बचावलेल्या माणसांना गाठून, त्या काही मिनिटांत तुमच्या डोक्यात काय चाललं होतं, हे खोदून खोदून विचारलं. त्यातून २००८ साली ‘द अनथिंकेबल’ हे पुस्तक झालं. संकटात माणसं सैरावैरा धावतात हे चित्र सिनेमांनी आपल्या मनात पक्कं बसवलंय. रिप्ली यांना बहुतेक ठिकाणी उलटंच आढळलं. माणसं आधी मानायलाच तयार नसतात, मग एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, आणि कित्येक जण जागच्या जागी थिजतात. १९७७ मध्ये तेनेरिफेच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जम्बो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. एका विमानात धक्क्यातून वाचलेले काही प्रवासी खुर्चीतून उठलेच नाहीत. एका गृहस्थाने मात्र उड्डाणाआधी सुरक्षेची माहिती नीट पाहून पत्नीला जवळची दारं दाखवून ठेवली होती. ती दोघं बाहेर पडली. लहानपणी तो एका थिएटरच्या आगीत सापडला होता.

या पुस्तकातला रिक रेस्कॉर्ला मला सर्वांत जवळचा वाटतो. व्हिएतनाममध्ये लढलेला हा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा माणूस दक्षिण मनोऱ्यात मॉर्गन स्टॅन्ली कंपनीचा सुरक्षाप्रमुख होता. १९९३ मध्ये ट्रेड सेंटरच्या तळघरात बॉम्ब फुटल्यावर, पुन्हा हल्ला होणारच, हे त्याने गृहीत धरलं आणि अचानक मॉक ड्रिल घ्यायला सुरुवात केली. चालू सौदे फोनवर अर्धवट सोडून दलालांनी उठायचं आणि दोघादोघांच्या रांगेत जिना गाठायचा. साहेब लोक चिडायचे, पण त्याने कुणाला सूट दिली नाही. ११ सप्टेंबरच्या सकाळी जागेवरच थांबा अशी सूचना लाऊडस्पीकरवरून आली, ती त्याने धुडकावली. कर्णा घेऊन माणसं खाली उतरवली, आणि दुसरं विमान त्यांच्याच मनोऱ्यावर आदळल्यावर जिन्यात धीर यावा म्हणून गाणी म्हटली. कंपनीची सुमारे २७०० माणसं तिथे होती. त्यांतली १३ गेली. रेस्कॉर्ला त्यांतला एक; मागे राहिलेल्यांसाठी तो पुन्हा वर गेला होता.

लोक घाबरतील म्हणून लोकांना काही सांगायचंच नाही, या अधिकाऱ्यांच्या सवयीवर रिप्ली कडाडून टीका करतात. मला ती पूर्ण पटते. सामान्य माणसावर विश्वास टाकून त्याला वेळेआधी शिकवलं तर तो निभावून नेतो. २००४ च्या त्सुनामीत थायलंडच्या किनाऱ्यावर दहा वर्षांच्या एका इंग्लिश मुलीने पाण्याचं विचित्र फेसाळणं पाहून धोका ओळखला आणि किनारा वेळेत रिकामा झाला. काही दिवसांपूर्वीच भूगोलाच्या तासाला ती ते शिकली होती. म्हणूनच आपत्तींवर लिहिणारी बाई पुढे शाळांकडे वळली याचं मला नवल वाटलं नाही.

२०१३ च्या ‘द स्मार्टेस्ट किड्स इन द वर्ल्ड’मध्ये रिप्ली यांनी परदेशी शाळांत वर्षभर शिकायला गेलेल्या तीन अमेरिकन मुलांचा माग काढला. ओक्लाहोमाच्या छोट्या गावातली किम फिनलंडला गेली. त्यासाठी तिने दारोदार सुकवलेलं गोमांस विकून पैसे जमवले होते. तिथल्या मुली अभ्यास इतका मनावर का घेतात, असं तिने वर्गातल्या दोघींना विचारलं, तर त्या गोंधळूनच गेल्या. शाळा म्हटल्यावर अभ्यास आलाच, यात विचारायचं काय? फिनलंडमध्ये शिक्षक होण्यासाठीचा प्रवेशच कठीण, पदव्युत्तर पदवी सक्तीची. त्यामुळे शिक्षकाच्या शब्दाला वजन.

दक्षिण कोरियात गेलेल्या मुलाला वर्गात डोकं टेकून झोपलेली मुलं दिसली, कारण रात्री उशिरापर्यंत ‘हागवॉन’ म्हणजे खाजगी क्लास. सोलमध्ये रात्री दहानंतर क्लास चालू ठेवायला बंदी घालावी लागली आणि तपासणी पथकं फिरू लागली. लातूर किंवा कोटा पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिसरा मुलगा गेला पोलंडला. तिथे १९९९ च्या सुधारणेने मुलांची हुशार आणि व्यवसायशिक्षणवाली अशी विभागणी वर्षभर पुढे ढकलली, आणि मागे पडणाऱ्या मुलांचे ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीतले गुण वाढले.

तीन मुलांच्या अनुभवावर देशांबद्दल बोलणं धाडसाचंच. शिवाय फिनलंडचे गुण नंतर घसरले आणि पोलंडने ती रचना २०१७ पासून मोडीत काढली. पण रिप्ली यांचा मूळ आग्रह त्याने खोटा ठरत नाही: मुलांना खरोखर अवघड काम द्या, ती ते पेलतात.

हे देश ज्या ‘पिसा’ चाचणीत तोलले जातात, ती रिप्ली यांनी स्वतः बसून सोडवली होती. २००९ च्या फेरीसाठी आपल्याकडून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले, जवळजवळ तळाशी गेले, आणि भारताने चाचणीकडे पाठ फिरवली. प्रश्न आपल्या परिस्थितीला धरून नव्हते, असं कारण पुढे आलं. त्या चाचणीचे नमुना प्रश्न सर्वांसाठी खुले आहेत. आपल्या शाळांतल्या शिक्षकांनी आठवी-नववीच्या मुलांसोबत ते एकदा सोडवून पाहावेत, आणि मुलं नेमकी कुठे अडतात ते वहीत टिपून ठेवावं.