पाळी सुरू होण्याआधी

विठ्ठलवाडीहून लोकलने तिसरे स्टेशन डोंबिवली. तिथल्या एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. म्हणूनच :

● पेरॉक्साइडसारखी रसायने तापली की आपोआप विघटन पावतात. साठ्याचे तापमान दर पाळीला नोंदवा.

● यंत्र साफ करताना नुसते बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडा, कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.

● फिरत्या पट्ट्याजवळ ओढणी, सैल बाही नको.

● टाकीत कोणी कोसळले तर मागोमाग उतरू नका; विषारी वायूने तुम्हीही गुदमराल.

● अग्निशमन दल १०१, रुग्णवाहिका १०८ : हे क्रमांक दारावर ठळक लिहा.