टकरींतून जन्मणारे कण

आमच्या शिरपुराकडे जिनांत कपाशींतून सरकी काढतात; ती आंत आधींच असते. जिनीव्हाजवळील २७ किलोमीटर घेराच्या कणत्वरक यंत्रांतला प्रकार निराळा. तेथें जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें धांवणारे प्रोटॉन एकमेकांवर आदळवितात. हा खटाटोप केवळ प्रोटॉन फोडण्यासाठीं, हा समज अपुरा होय. त्या धांवेची ऊर्जाच वस्तुमानाचें रूप घेते. २०१२ सालीं सांपडलेला हिग्ज कण प्रोटॉनाच्या सुमारें १३३ पट जड आहे. दोन बोरें आदळावीं आणि नारळ बाहेर पडावा, तसेंच हें! असे कण सृष्टींत आयते पडून नसतात. म्हणून घडवावे लागतात. घडलेला कणही तत्क्षणीं विरतो. मागें उरलेल्या कणांच्या ऊर्जेवरून त्याची ओळख पटवावी लागते. तें काम करणाऱ्या ‘सीएमएस’ यंत्राच्या ऊर्जामापकाचा बाहेरील भाग घडविण्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा हात आहे.