काळ्या पाषाणातील जलभंजन

सोलापूर-पुणे महामार्गालगत, मोहोळ तालुक्यात वसलेल्या चिंचोळी एमआयडीसीच्या जमिनीखाली माती आणि मुरूम संपला की जो काळा पाषाण लागतो, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचत गेलेल्या लाव्ह्याचा आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग याच बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. पावसाची वार्षिक सरासरी जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर असलेल्या या भागात विंधन विहिरीला किती इंची पाणी लागेल, हे खडकाच्या पोटातील भेगांवर ठरते. आटत चाललेल्या विहिरीत उच्च दाबाने पाणी दाबून या भेगा मोकळ्या करण्याच्या तंत्राला ‘जलभंजन’ म्हणतात आणि राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा टंचाईच्या उपाययोजनांत ते वापरते.

खडकातून द्रव कसा वाहतो याचा पहिला नियम फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याची उभारणी करणाऱ्या हेन्री दार्सी या अभियंत्याने 1856 मध्ये मांडला. वाळूने भरलेल्या उभ्या नळीतून पाणी सोडून त्याने दाखवले, की प्रवाह हा दाबातील फरकाच्या प्रमाणात वाढतो आणि वाळूच्या थराच्या जाडीच्या प्रमाणात घटतो. या नियमातील गुणांक म्हणजे खडकाची पार्यता, अर्थात द्रवाला वाट देण्याची क्षमता. ती सच्छिद्रतेहून वेगळी असते आणि बेसाल्टच्या बाबतीत हा भेद निर्णायक ठरतो. लाव्हा थंड होताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकून तयार झालेला, विहीर खोदणाऱ्यांच्या तोंडी ‘मांजऱ्या’ म्हणून ओळखला जाणारा खडक छिद्रांनी भरलेला असतो, परंतु ही छिद्रे पुष्कळदा एकमेकांना जोडलेली नसतात किंवा झिओलाइटसारख्या खनिजांनी बुजलेली असतात. त्याखालच्या एकसंध पाषाणात तर छिद्रे जवळपास नसतातच. त्यामुळे पाणी फिरते ते लाव्हा आकसताना पडलेल्या सांध्यांतून, दोन थरांच्या संधीतून आणि झिजलेल्या मुरमातून.

भेगेतील प्रवाहाचा नियम दार्सीच्या वाळूपेक्षा कितीतरी तीव्र आहे, कारण दोन समांतर भिंतींमधून वाहणारा प्रवाह त्यांच्यातील अंतराच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. भेग 0.1 मिलिमीटरवरून 0.2 मिलिमीटर झाली, तर तेवढ्याच दाबाखाली आठपट पाणी येते. ती 1 मिलिमीटर झाली, तर हजारपट. नखाच्या जाडीहूनही कमी फरकाने कोरडी विहीर वापरण्याजोगी होते, ती या घननियमामुळे.

जलभंजनात विहिरीच्या केसिंग पाइपाखाली, कठीण पाषाण लागतो तिथे, ‘पॅकर’ म्हणजे फुगवून घट्ट बसणारा रबरी अडसर उतरवतात आणि त्याच्याखालच्या बंदिस्त भागात पंपाने स्वच्छ पाणी दाबतात. दाबमापकाचा काटा चढत जातो, एका क्षणी एकाएकी खाली येतो आणि त्यानंतर कमी दाबातही पाणी आत जाऊ लागते. भेग उघडल्याची ही खूण. काटा चढतच नसेल, तर पाणी आधीच मोकळ्या असलेल्या भेगेने निसटत असते किंवा पॅकर नीट बसलेला नसतो. भेग कोणत्या दिशेने फाकते याचे उत्तर हबर्ट आणि विलिस या संशोधकांनी 1957 मध्ये दिले: खडकावरील दाब ज्या दिशेला सर्वांत कमी, त्या दिशेला काटकोनात. 60 मीटर खोलीवर वरच्या खडकाचा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 17 किलो भरतो आणि एवढ्या उथळ पातळीवर आडवा दाब पुष्कळदा त्याहून जास्त असल्याने भेगा आडव्या, थरांच्या संधींना धरून उघडतात. तेलविहिरींच्या खोलीवर मात्र त्या बहुधा उभ्या जातात.

हे तंत्र आले तेल उद्योगातूनच. 1947 मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ह्युगोटन वायुक्षेत्रातील एका विहिरीत दाट केलेले पेट्रोल दाबून त्याचा पहिला प्रयोग झाला, तरी त्या विहिरीचे उत्पादन काही लक्षणीय वाढले नाही. तेल-वायूच्या विहिरींतील खडकाची अडचण वेगळी असते: दाबलेला द्रव भेगेच्या भिंतींतून छिद्रांमध्ये झिरपून जातो. भिजलेला पट्टा जसजसा जाड होतो तसतसा झिरपण्याचा वेग मंदावतो, म्हणून झिरपलेल्या द्रवाचे प्रमाण काळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. ही गळती रोखण्यासाठी आणि भेग उघडी ठेवणारी वाळू वाहून नेण्यासाठी द्रव दाट करावा लागतो, आणि त्यासाठी गवारीच्या बियांपासून काढलेला डिंक वापरतात. राजस्थानातील गवार अमेरिकेतील विहिरींपर्यंत पोहोचली ती याच गरजेमुळे. एकसंध बेसाल्ट पाणी जवळजवळ शोषतच नाही. दाबलेले पाणी भेगेतच राहून तिला पुढे रेटते, आणि दाब काढल्यावर खडबडीत भिंती एकमेकींवर तंतोतंत बसत नसल्याने थोडी फट टिकून राहते. इथे साध्या पाण्यावर भागते, त्याचे हे महत्त्वाचे कारण आहे.

या तंत्राची मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. जलभंजनाने विहीर आणि भोवतालच्या जलधारक सांध्यांमधील वाट रुंदावते, जमिनीतील पाणी वाढत नाही. झिजलेल्या बेसाल्टमधून निथळून मिळणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असते, आणि पुनर्भरण झाले नाही तर हा तुटपुंजा साठा मोकळ्या भेगेतून अधिक वेगाने उपसला जातो.

चिंचोळीसारख्या औद्योगिक क्षेत्रात याहून गंभीर प्रश्न पाण्याच्या वेगाचा आहे. माती आणि मुरूम यांतून पाणी सावकाश झिरपते, त्यांच्या कणांना काही दूषित द्रव्ये चिकटून राहतात, काही सूक्ष्मजीव मोडतात. भेगेत हा संपर्क फार थोडा घडतो. एक हजार मीटरला एक मीटर इतक्या मंद उतारावरही 1 मिलिमीटरच्या गुळगुळीत भेगेतील पाणी, गणिताप्रमाणे, दिवसाला सुमारे 70 मीटर जाते, 0.1 मिलिमीटरच्या भेगेत ते एक मीटरही जात नाही. प्रत्यक्षातील खडबडीत भेगांत वेग याहून कमी असतो, पण प्रमाण तेच राहते. उघडलेली भेग वरच्या दूषित थराशी जोडली गेली, तर मिळालेले वाढीव पाणी पिण्याजोगे राहणार नाही, आणि शेजारच्या शेतातील विहिरीलाही त्याची झळ पोहोचेल.

म्हणूनच अशा जागी जलभंजनाआधी केसिंग पाइप मुरमाच्या पूर्ण जाडीतून खाली नेऊन कठीण पाषाणात बसवणे, त्याच्या बाहेरची पोकळी सिमेंटने भरणे, जवळच्या विहिरींच्या पाण्याची पातळी काम चालू असताना मोजणे आणि पाण्याचे नमुने आधी व नंतर तपासणे, यांपैकी काहीही खर्च वाचवण्यासाठी गाळता येत नाही. शेजारच्या विहिरीची पातळी दाब देताच वर आली, तर दोन्हींना जोडणारी वाट तिथे आहे, हे त्याच दिवशी कळते. भेगा बुजवण्याचे तंत्रही याच भूजल यंत्रणेकडे आहे: पाण्याच्या उद्भवाच्या उताराकडील बाजूस उथळ छिद्रे घेऊन त्यांतून भेगांमध्ये सिमेंट भरायचे आणि वाहून जाणारे भूजल अडवायचे. ‘फ्रॅक्चर सील सिमेंटेशन’ या नावाने ते ओळखले जाते. आणि कोणती भेग उघडायची व कोणती बुजवायची, याचा निर्णय त्या विशिष्ट जागेचा खडक तपासल्याशिवाय घेता येत नाही.