हात तोच, रंग दुसरा

एकदा बसलेला हात सहसा जात नाही, हे खरं आहे. पत्र्यापासून वीतभर अंतर, मनगट न वळवता सरळ नेलेली रंगाची स्प्रे गन, आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवलेला पुढचा पट्टा, हे सगळं जुन्या पुठ्ठ्यावर थोडा सराव केला की परत येतं. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांपूर्वी रंगकाम सोडलेला नाशिककर सातपूरच्या महिंद्रच्या कारखान्यात तयार झालेली जुनी स्कॉर्पिओ अंगणात उभी करतो, तेव्हा त्याला धास्ती असते ती हाताचीच. वास्तविक हात फारसा दगा देत नाही. मधल्या काळात बदलला तो डब्यातला रंग, आणि घरचं काम बहुतेकदा फसतं ते जुन्या रंगाचे नियम नव्याला लावल्यामुळे.

‘रंग म्हणजे रंग, थिनर घालून मारायचा’ हा पहिला गैरसमज. जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग थिनर उडालं की वाळतो आणि पुन्हा थिनर लागलं की विरघळतो. ओघळ आला तर घासून वरून मारता येई. आजचा टूके पीयू, म्हणजे दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग हार्डनरबरोबर रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतो. हार्डनर कमी पडला तर थर मऊ राहतो, जास्त झाला तर ठिसूळ होतो. म्हणून डब्यावर छापलेलं प्रमाण मापानेच घ्यायचं आणि मिसळलेला रंग ठरलेल्या वेळात संपवायचा. गाडीवर आधी कोणी एनसी मारला असेल तर नव्या रंगातल्या द्रावकाने खालचा थर सुरकुततो. याची परीक्षा सोपी आहे. थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा झाकल्या जागी घासा. रंग बोळ्यावर उतरला तर खाली एनसी आहे, आणि तो काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

‘खालचं थोडंफार वरचा रंग झाकून घेईल’ हा दुसरा. कारखान्यातल्या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. एवढ्याशा थराखाली ८० नंबरच्या पेपरचा ओरखडा लपत नाही, उलट चकाकीमुळे उठून दिसतो. मग थर जाड द्यावा, असं कोणी म्हणेल. पण जाड थरात द्रावक अडकतं, बारीक भोकं पडतात आणि काही आठवड्यांनी थर आकसला की ओरखडे पुन्हा वर येतात. लांबीची कड तळहाताला लागते, पण डोळ्यांना चटकन दिसत नाही. म्हणून प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी पातळ फवारा मारून तो ठोकळ्यावर लावलेल्या ४०० नंबरच्या पेपरने घासतात. काळं जिथे उरलं, तिथे खड्डा आहे.

‘नाशिकची हवा कोरडी, कधीही मारा’ हेही अर्धसत्य. पावसाळ्यातल्या दमट हवेत एनसीवर पांढरट झाक येते, तर टूकेचा हार्डनर पाण्याशी क्रिया करून बुडबुडे धरतो. शिवाय कॉम्प्रेसरमध्ये दाबलेली हवा थंड झाली की टाकीत पाणी साचतं. टाकी रोज रिकामी केली नाही आणि पाइपवर पाणी अडवणारा फिल्टर बसवला नाही, तर तेच पाणी गनमधून पत्र्यावर येतं. डिसेंबरच्या पहाटे पत्र्यावर दव असतं आणि एप्रिल-मेच्या दुपारी रंग पसरण्याआधीच वाळून संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ बरी. रंगकामाच्या बंद बूथशिवाय धूळ बसणारच, हा आक्षेप रास्त आहे. पण क्लिअर कोटवर बसलेला कण २००० नंबरच्या पेपरने आणि कंपाउंडने काढता येतो. मेटॅलिकच्या थरात मात्र घासलं की डाग उरतो. म्हणून घरी साधा, एकरंगी रंगच निवडावा.

सर्वांत धोकादायक समज म्हणजे ‘नाकाला रुमाल पुरे’. ‘पेंटर आयुष्यभर असंच काम करतात’ हा त्यावरचा ठरलेला युक्तिवाद. एनसीचं द्रावकही अपायकारकच होतं, पण टूकेच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोडी मात्राही त्रास देते. वास आला नाही म्हणजे हवा स्वच्छ, असंही नाही. एन-९५ मास्क वाफा अडवत नाही. ब्रिटनमधली सरकारी कामगार-सुरक्षा यंत्रणा अशा फवारणीसाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क वापरायला सांगते. बंद पार्किंगमध्ये, शेजारच्या खिडक्यांसमोर हे काम करणं म्हणजे इतरांचाही जीव धोक्यात घालणं.

एक कायद्याची गोष्ट. रंग नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेला असतो. तो बदलायचा तर आरटीओत नोंद करावी लागते. देवळालीच्या लष्करी जीपचा ऑलिव्ह ग्रीन कितीही आवडला, तरी केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो खासगी गाडीला चालत नाही.

सारांश, गंज काढणं, लांबी भरणं, घासणं, मास्किंग ही कष्टाची कामं घरी जरूर करा. त्यातच खरी बचत आहे आणि कामाचा दर्जाही तिथेच ठरतो. शुद्ध हवेचा मास्क आणि मोकळी जागा नसेल, तर टूकेचा फवारा मात्र बूथ असलेल्या गॅरेजकडूनच मारून घ्या.