नाव बदलले, नोंद तीच

दोंडाईच्याला रेल्वेने उतरलात तर स्थानकाचे नाव ‘दोंडाईचा’. नगरपालिकेच्या कागदांवर मात्र ‘दोंडाईचा-वरवाडे’. मिरची घेऊन बाजारात येणाऱ्याचे यामुळे काही अडत नाही. संगणकाच्या आज्ञावलीत मात्र नावांची अशी सरमिसळ महागात पडते. कशी ते पाहू.

तबकडीवर फाईली कोठे व कशा ठेवायच्या हे सांभाळणारी आज्ञावली म्हणजे फाईल सिस्टीम. लिनक्सच्या फाईल सिस्टीममध्ये प्रत्येक फाईलची एक नोंद असते, ‘आयनोड’. तीत आकार, तारखा, मालक आणि मजकूर कोणत्या ठोकळ्यांत आहे ते असते. (गंमत म्हणजे फाईलचे नाव तेवढे या नोंदीत नसते!) आपल्या शाळेचे जनरल रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. नोंदीच्या रकान्यांना प्रोग्रामर नावे देतो, पण ती तबकडीवर उतरत नाहीत. तेथे असतात नुसते ओळीने मांडलेले आकडे. त्यामुळे शीर्षक बदलले तरी जुन्या फाईली शाबूत राहतात. रकान्याचा क्रम किंवा रुंदी बदलली, तर मात्र जुनी तबकडी वाचता येत नाही.

मग नावे बदलण्याचा खटाटोप कशाला? एक्स्ट-३ या फाईल सिस्टीममध्ये ठोकळ्याचा क्रमांक ३२ बिटांचा होता. ४ किलोबाईटचे ठोकळे घेतले, तर मजल १६ टेराबाईटपर्यंतच. २००६ साली असंख्य लोकांच्या वापरातला हा कोड न हलवता त्याची प्रत काढली गेली. दोन्ही एकत्र नांदायच्या, म्हणून प्रतीतली ‘एक्स्ट-३’ची नावे ‘एक्स्ट-४’ची झाली.

नव्या प्रतीत तबकडीवरील ठोकळ्याचा क्रमांक ४८ बिटांचा झाला. फाईलमधला कितवा ठोकळा, हा क्रमांक ३२ बिटांचाच राहिला. खरी मेख इथे आहे. चार अंकी रकान्यात १०५३२ लिहिताना पहिला अंक गळाला, तर दाखला ५३२ क्रमांकाच्या मुलाचा निघेल! तबकडीवर दुसऱ्याच फाईलवर मजकूर लिहिला जाईल, तोही बिनबोभाट. म्हणून दोन्ही क्रमांकांच्या प्रकारांना वेगळी नावे दिली गेली. सी भाषेचा कंपायलर अशी सरमिसळ बहुधा मुकाट्याने चालवून घेतो. वाचणाऱ्याच्या डोळ्याला मात्र ती खुपते. अशी एक चूक शोधण्यात आम्ही स्वतः दोन दिवस घालवले आहेत.

एक्स्ट-३चा वेगळा कोड २०१५ साली लिनक्समधून काढला गेला. तिच्या जुन्या तबकड्या आता एक्स्ट-४ नावाचाच कोड वाचतो. तबकडीवरचा ओळखीचा आकडा, ईएफ५३, एक्स्ट-२पासून तोच आहे.